एका तारखेची माणसं

८ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला आठवतात पु. ल. त्यांचा जन्म १९१९ चा. पण त्याच तारखेला १९२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियन बर्नार्ड जन्मले, ज्यांनी १९६७ मध्ये माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं. आणि १९२७ मध्ये कराचीत लालकृष्ण अडवाणी. एकाने महाराष्ट्राला हसवलं, दुसऱ्याने हृदय बदललं, तिसऱ्याने रथयात्रा काढली. आता या तिघांत 'तारखेचा गुण' कुठला, ते ज्याने त्याने शोधावं!

मला विचाराल तर असा काही गुण नसतोच. साधं गणित आहे. कुठल्याही २३ जणांना एकत्र बसवा, त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त निघते. कारण २३ जणांच्या जोड्या होतात तब्बल २५३. मग जगभरातल्या नामवंतांत अशा जोड्या सापडल्या तर नवल ते काय?

कुणी म्हणेल, नुसती तारीख नको, सालही हवं. ठीक आहे. १२ फेब्रुवारी १८०९. या एकाच दिवशी इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन जन्मला आणि अमेरिकेत केंटकीतल्या लाकडी खोपटात अब्राहम लिंकन. डार्विनचे वडील सुखवस्तू डॉक्टर. पोरगा पाच वर्षं जहाजातून जग हिंडला, तो त्यांच्या पैशावर. लिंकनला सगळी मिळून जेमतेम वर्षभर शाळा मिळाली. दिवस एकच, पण घर वेगळं. माणूस घडतो तो घरामुळे, संधीमुळे आणि स्वतःच्या कष्टामुळे. तारखेचा त्यात काही हात नाही.

आणि मंडळी, सगळ्यात जास्त माणसांचा वाढदिवस कधी असतो, माहीत आहे? आपल्याकडे १ जूनला! शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येईना, मग गुरुजींनी १ जून ठोकून दिली. माझे आजोबा त्यातलेच. ऑफिसातून ३१ मे ला एकदम डझनभर लोक निवृत्त व्हायचे, तेही याच कृपेने. त्या सगळ्यांची पत्रिका एक मानायची का?

आजीला मात्र १ जूनही मिळाला नाही. ती शाळेतच गेली नाही ना. तिला आपलं वय असं सांगता यायचं, "गांधीजी गेले तेव्हा तुझी आत्या काखेत होती." लेकीचं वय पक्कं ठाऊक, स्वतःचं नाही. पुढे कागदपत्रांत कुणीतरी १ जानेवारी लिहून टाकली. ती गेली तरी तो दिवस कुणी साजरा केला नाही, कारण तो तिचा नव्हताच.

म्हणून मला वाटतं, तारखेत भविष्य नसतं, पण मान असतो. तुम्ही जन्मलात याची कुणीतरी नोंद घेतली, एवढाच त्याचा अर्थ. पु.लं.ची तारीख आपण विसरणार नाही, ती वर्तमानपत्रं आठवण करून देतील. पण घरात कुणी बिनतारखेची काकू, मावशी असेल, तर तिला विचारा, पाऊस होता की थंडी, कुठला सण जवळ होता. त्यावरून एक दिवस ठरवा आणि दरवर्षी तिला ओवाळा. तो चुकीचा निघाला तरी चालेल.