पाहुणे की रहिवासी?

'लोकसहभाग' या शब्दाइतका शासकीय कागदपत्रांत राबविला गेलेला दुसरा शब्द क्वचितच असेल. योजनेच्या प्रस्तावनेत तो असतो, उद्घाटनाच्या भाषणात असतो, आणि योजना संपल्यावर 'अपेक्षित लोकसहभाग लाभला नाही' या वाक्यात तो अखेरचा भेटतो. प्रशासनाच्या या दांभिकतेविषयी पुष्कळ लिहिता येईल. परंतु आजचा लेख दुसऱ्या बाजूविषयी आहे. ज्या सुशिक्षित, पगारदार वर्गाने या कामी सर्वांत आधी पुढे यावयाचे, तो वर्ग स्वतः राहतो त्या वस्तीत नेमका कोठे असतो? आणि त्यातही महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण मराठी लोक कोठे असतो?

आपले चित्र आपल्यालाच परिचित आहे. वीस-पंचवीस वर्षे दिल्लीत, हैदराबादेत किंवा बंगळुरात गेली. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात आपण हजर, कोजागिरीला हजर, दिवाळी अंकांची मागणी महिनाभर आधी नोंदविलेली. पुण्याची मेट्रो कोठे अडली आणि कृष्णेचे पाणी सांगलीत कोठवर चढले, यावर तासभर अधिकारवाणीने बोलणार. मात्र आपल्या घराचा प्रभाग क्रमांक विचारला तर शेजाऱ्याकडे पाहणार. प्रश्न अज्ञानाचा नाही. 'निवृत्तीनंतर परत जायचेच आहे' या एका वाक्याच्या आधाराने आपण आयुष्याची उमेदीची वर्षे पाहुण्यासारखी काढतो. पुष्कळ जण शेवटी परत जातही नाहीत. पाहुण्याला यजमानाच्या घरातला गळका नळ दिसतो, पण तो दुरुस्त करणे हे आपले काम आहे असे त्याला वाटत नाही.

या वृत्तीची किंमत कोण मोजते, हा माझा मुद्दा आहे. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक साधी मांडणी केली. एखाद्या संस्थेची सेवा ढासळू लागली की ग्राहकासमोर दोन मार्ग असतात: ती सोडून जाणे किंवा तिच्याविरुद्ध आवाज उठविणे. अडचण अशी, की गुणवत्तेची चाड सर्वाधिक असलेले आणि ज्यांचा आवाज ऐकला गेला असता असे ग्राहकच बहुधा आधी सोडून जातात. आपल्या शहरांत हेच घडले. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर. पाणी अशुद्ध येते, म्हणून शुद्धीकरण यंत्र. येतच नाही, म्हणून टँकर. सरकारी शाळा नको, म्हणून खासगी शाळा. बीट हवालदाराऐवजी फाटकावर खासगी सुरक्षारक्षक. प्रत्येक निर्णय त्या त्या कुटुंबापुरता शहाणपणाचा आहे, आणि त्याबद्दल कोणा एकाला दोष देता येत नाही. पण या सर्व शहाणपणांची बेरीज अशी होते, की सार्वजनिक नळ, सार्वजनिक शाळा आणि सार्वजनिक दवाखाना फक्त त्यांच्यासाठी उरतात ज्यांच्या अर्जाला पोचसुद्धा मिळत नाही. आपल्याकडे धुणीभांडी करणारी बाई, मोटार चालविणारा माणूस आणि दारावर भाजी आणणारा फेरीवाला ही त्यांची नावे.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर आपल्या महानगरांकडे पाहावे. राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. मुदत संपण्यापूर्वी नगरपालिकेची निवडणूक झालीच पाहिजे, असे अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगतो. तरीही चेन्नई महापालिकेची मुदत ऑक्टोबर २०१६ मध्ये संपली आणि निवडणूक झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. मुंबईत मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे एकही नगरसेवक नव्हता. बंगळुरात सप्टेंबर २०२० मध्ये सभागृह विसर्जित झाले. पाच वर्षे उलटली, २०२५ मध्ये त्या एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या, तोपर्यंतही मतदान झालेले नव्हते. विधानसभेची निवडणूक असा काळ लांबली असती तर देशभर गहजब झाला असता. येथे प्रभाग आरक्षण, सीमा आणि न्यायालयीन प्रकरणे ही कारणे पुढे करता आली, कारण विचारणारे फारसे कोणी नव्हते. बंगल्यांच्या वसाहतीत आणि उंच इमारतींत राहणाऱ्यांच्या दिनक्रमात नगरसेवक नसल्याने काही उणे पडले नाही. उणे पडले ते वस्तीतल्या माणसाला. त्याच्या दृष्टीने नगरसेवक हाच सरकारचा हाताला लागणारा एकमेव माणूस होता.

यावर नेहमीची उत्तरे ठरलेली आहेत. पहिले, वेळ नाही. दुसरे, आम्ही सरकारी नोकर, आम्हाला हे करता येत नाही. तिसरे, आम्ही परप्रांतीय, आमचे कोण ऐकणार? पहिल्या उत्तराकडे शेवटी येतो. दुसरे वस्तुस्थितीला धरून नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम ५ राजकारणात भाग घेण्यास मनाई करतो, मतदानास नव्हे. आणि नियम १५ प्रमाणे शासकीय कामास बाधा न आणता सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानद काम पूर्वपरवानगीशिवाय करता येते. नियमावलीचा आडोसा घेणाऱ्याने ती निदान वाचलेली असावी. तिसऱ्या उत्तराविषयी एवढेच, की स्थानिक भाषेतले वीस वाक्प्रयोगही न शिकता ज्याने दहा वर्षे काढली, त्याने आपल्याला कोणी आपले मानत नाही ही तक्रार करू नये.

आता कामाविषयी. वर्षातून एकदा हातमोजे घालून, छायाचित्रकाराच्या साक्षीने रस्ता झाडणे म्हणजे सहभाग नव्हे. ज्या कामात सातत्य नाही त्याची दखल प्रशासन घेत नाही, आणि घेऊही नये. मला अभिप्रेत असलेली कामे किरकोळ आहेत. त्यांचे सारे बळ ती रोज किंवा दर आठवड्याला होण्यात आहे.

सर्वप्रथम मत. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ नुसार मतदार म्हणून नोंदणी होते ती जेथे आपला सामान्य निवास आहे तेथे. कलम २० सांगते, की एखाद्या ठिकाणी केवळ स्वतःचे घर आहे म्हणून माणूस तेथील सामान्य रहिवासी ठरत नाही. साताऱ्यात वाडा आणि नाशिकात सदनिका असली तरी, राहणे भोपाळात असेल तर मतदार भोपाळचे. कलम १७ दोन मतदारसंघांत नाव ठेवू देत नाही, आणि नोंदणीसाठी खोटे निवेदन करणे हा कलम ३१ खाली शिक्षापात्र गुन्हा आहे. निवास बदलल्यावर नमुना ८ भरावयाचा असतो. घरबसल्या होणारे अर्ध्या तासाचे काम आहे. नगरपालिकेची मतदार यादी सामान्यतः विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. म्हणून गावाकडे अडकवून ठेवलेले मत राहत्या प्रभागाच्या कामी येत नाही, आणि गावाकडच्या निवडणुकीला रजा मिळाली नाही की तेथेही पडत नाही.

दुसरे काम, एक रस्ता. सारे शहर नव्हे. सकाळी फिरावयास जाता तो एकच रस्ता, आणि त्यालगतची ती मागची गल्ली जिथून आपली कामवाली बाई येते. बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक, उघड्या गटाराच्या झाकणाची जागा, गळणारी जलवाहिनी टिपून घ्यावी आणि लेखी वा महापालिकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा. प्रशासनातला माणूस म्हणून सांगतो, तोंडी कुरकुरीचा कार्यालयीन हिशेबात कोठेही शिरकाव होत नाही. अभियंता पुढील वर्षाच्या कामांची यादी करतो ती नोंदींवरून, आणि जेथून तक्रार नाही तेथे दुरुस्तीची गरज नाही असा कागदोपत्री अर्थ होतो. तक्रारी सधन वसाहतीतूनच येत असतील तर निधी तिकडेच वाहणार. त्यात भ्रष्टाचाराची गरजही नाही. म्हणून मागच्या गल्लीची तक्रार तुम्ही नोंदविणे हे उपकाराचे काम नसून त्या यादीतली चूक सुधारणे आहे. 'निकाली' असा शेरा आल्यावर प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि काम झाले नसेल तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन पुन्हा लिहावे. तिसऱ्या पत्राला उत्तर येते, असा माझा कार्यालयाच्या आतल्या बाजूचा अनुभव आहे. रस्ता नव्याने होत असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम २(जे) वाचावे: कागदपत्रांबरोबर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क त्यात आहे.

तिसरे काम स्वयंपाकघरातले. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली. इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छ सर्वेक्षणात पहिले येत राहिले, त्यात महापालिकेच्या गाड्या आणि दंडाची शिस्त होतीच. परंतु घराघरांत रोज सकाळी दोन वेगळे डबे भरले गेले नसते तर त्या गाड्यांना नेण्यासारखे काही उरले नसते. हे काम करताना कचरा नेणाऱ्याचे नाव विचारावे. त्याला हातमोजे मिळतात का, पगार वेळेवर होतो का, हेही विचारावे. कंत्राटदाराकडून होणाऱ्या त्याच्या पिळवणुकीची दाद मागणे त्याला एकट्याला जड जाते.

चौथे, जवळची सरकारी शाळा. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ नुसार तेथे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपली मुले तेथे नसल्याने आपण त्या पालकांत नसणार, हे उघड आहे. पण मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठवड्यातून एक तास मुलांना गणित शिकविण्यास, किंवा समितीतील पालकांना अनुदानाचा हिशेब वाचून दाखविण्यास कोणाची हरकत नसते. हिशेब वाचता येणारा एक माणूस शेजारी बसला, तर बैठकीत त्या आई-वडिलांचा सूर बदलतो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. वसाहतीच्या रहिवासी संघात उत्साहाने वावरणे म्हणजे आपोआप सहभाग नव्हे. फाटके वाढविणे, भाजीवाल्याला हाकलणे, घरकाम करणाऱ्या बाईला वेगळी लिफ्ट वापरावयास लावणे, हा सर्व उद्योग नागरी कर्तव्याच्या नावाखाली चालतो. फेरीवाला अधिनियम, २०१४ ने नगर पथविक्रेता समिती निर्माण केली. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे असतात आणि रहिवासी संघांनाही प्रतिनिधित्व आहे. कायद्याने एकाच टेबलाभोवती बसविलेल्या माणसाला फाटकाबाहेर काढण्यासाठी संघ चालवावयाचा असेल, तर घरी बसलेले बरे.

प्रशासनाचा दोष मी नाकारीत नाही. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे अनुच्छेद २४३-एस म्हणतो. पुष्कळ ठिकाणी त्या कागदावर आहेत किंवा अनेक प्रभागांची एक मोट बांधून नागरिकांपासून दूर नेल्या आहेत. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना निधीपैकी ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे ठरविले. ग्रामसभांना माणसे जमली ती तेथे काही ठरणार होते म्हणून. हातात काही न देता नागरिकांना बोलावणे ही थट्टाच होय. परंतु अधिकार कोणी आपण होऊन खाली सोडीत नाही. ते मागणारी, हजेरीपटावर सही करणारी माणसे आधी असावी लागतात.

आणि आपल्याला हे परके नाही. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. साम्राज्याच्या अर्थसंकल्पाची चिरफाड करणारे गोखले त्याच नगरपालिकेचे अध्यक्षही होते. गटारांचा प्रश्न त्यांना आपल्या विद्वत्तेपेक्षा हलका वाटला नाही. गाडगेबाबा तर कोणत्याच गावचे नव्हते. ज्या गावी पोचत तेथे आधी खराटा हातात घेत आणि कीर्तन नंतर होई. 'हे माझे गाव नव्हे' असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणालाच नव्हता, आणि त्यांनी तो कधी वापरला नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. वर सांगितलेल्या साऱ्या कामांची बेरीज आठवड्याला तीन तासांपलीकडे जात नाही. एवढा वेळ आपण दूरचित्रवाणीवर महाराष्ट्राच्या राजकारणाची भांडणे पाहण्यात घालवितो, ज्यांत आपले मतही नसते.

म्हणून महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांना एक सूचना. यंदाच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावे. त्यावर शहराच्या प्रभागांचा नकाशा लावावा, नमुना ८ भरून देण्यासाठी दोन तरुण कार्यकर्ते संगणक घेऊन बसवावेत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मोदकाबरोबर एवढेच विचारावे: आपला प्रभाग कोणता? ज्यांना सांगता येणार नाही, त्यांना तो नकाशावर दाखवून द्यावा.