बहिणीने बहिणीवर मात करावी काय?

बुद्धिबळाच्या स्पर्धेत सख्खी भावंडे समोरासमोर आली की प्रेक्षकांत कुजबुज सुरू होते. डाव बरोबरीत सुटला तर ‘घरीच ठरले असणार’, आणि धाकटीने थोरलीला हरवले तर ‘थोरलीने सोडला असणार’. या कुजबुजीची मला मनस्वी चीड आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या मुंबईच्या खाडिलकर भगिनींचेच पाहा. भारतातील पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंती यांनी जिंकली. मग जयश्री, मग रोहिणी. पहिली दहा वर्षे हे विजेतेपद या घराबाहेर गेलेच नाही. त्यांतली ५ विजेतेपदे एकट्या रोहिणीची, आणि तिघींत धाकटी तीच! १९७६ साली ती राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती. घरातले शेंडेफळ म्हणून थोरल्यांनी हात आखडला, असे म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे : १९८१ साली हैदराबादला ती आशियाई विजेती झाली, तेव्हा परदेशच्या स्पर्धकांनीही मायेपोटीच डाव सोडले काय? १९७६ सालीच ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना, स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय द्यावा लागला. अशी मुलगी बहिणीकडून डाव उसना घेईल, हे मला तरी पटत नाही.

बरोबरीचे म्हणाल तर तिचे कारण बहुधा मायेत नसून ओळखीत असते. ज्या पटावर दोघी शिकल्या, त्यावरची एकमेकींची प्रत्येक खोड दोघींना पाठ. कोणती सुरुवात आवडते, वेळ संपत आला की कोण घाबरते, सारे ठाऊक. मग डाव सुटायचा कुठून?

तरीही तक्रारीत तथ्य अजिबात नाही असे नव्हे. शेवटच्या फेरीत दोन भावंडांनी अर्धा-अर्धा गुण वाटून घेतला, तर गुणांनी जवळ असलेल्या तिसऱ्या खेळाडूचे नुकसान होते. त्या बिचाऱ्याला बहीणही नसते! पण त्यासाठी रक्ताचेच नाते लागते थोडेच? १९६२ साली कुरासाओ येथे पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर हे तीन सोव्हिएत खेळाडू आपसांत १२ डाव खेळले आणि बाराच्या बारा बरोबरीत सुटले. फिशरने त्यावर जाहीर आगपाखड केली. तिघांचे आडनाव मात्र एक नव्हते.

यावर उपाय सोपा आहे, आणि तो नवाही नाही. आव्हानवीरांच्या स्पर्धेत एकाच देशाच्या खेळाडूंना सुरुवातीच्या फेऱ्यांतच एकमेकांशी खेळवतात. जिथे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते, अशा आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतही भावंडांचा डाव पहिल्याच फेरीत लावावा. त्या वेळी कुणाला किती गुण लागतील, हे त्यांनाही ठाऊक नसते.