‘आमच्यानंतर’चे घर

बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढ अपत्याच्या आईवडिलांना एक प्रश्न आयुष्यभर सोबत करतो : आमच्यानंतर काय? शिवाजी पार्कच्या जुन्या इमारतींत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. घर पागडीचे, भाडेपावती वडिलांच्या नावाची, जिना चढणे साऱ्यांनाच अवघड आणि इमारत पुनर्विकासाच्या वाटेवर. अशा वेळी अपत्याला एखाद्या निवासी संस्थेत ठेवावे, असा विचार पुढे येतो. तो चुकीचा असतोच असे नाही. मात्र त्या एका निर्णयाने अपत्याच्या डोक्यावरील छपराचा कायदेशीर दर्जा बदलतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ भाडेकरूला भक्कम संरक्षण देतो. नियमित भाडे भरणाऱ्यास, कायद्यात नमूद केलेली कारणे आणि न्यायालयाचा हुकूम यांवाचून घराबाहेर काढता येत नाही. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असली, तरी अधिक हाल कोणाचे होतील, हे न्यायालयाला तोलून पाहावे लागते. भाडेकरू वारल्यास, त्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू ठरते. तसे कोणी नसेल, तरच इतर वारसांचा विचार होतो.

निवासी संस्थेतील रहिवाशाला यातले काही मिळत नाही. ‘लायसन्सी’ कोण, हे सांगताना याच कायद्याने रुग्णालय, शुश्रूषागृह, धर्मशाळा, विधवांची व अनाथांची निवासगृहे आणि तत्सम जागांत राहणाऱ्यांना स्पष्टपणे वगळले आहे. दरमहा कितीही शुल्क भरले, तरी तिथली खाट परवानगीची असते, हक्काची नसते. परवानगी काढून घेतल्यास १८८२च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार निघण्यासाठी वाजवी मुदत द्यावी लागते. वाजवी म्हणजे किती दिवस, हे मात्र तो कायदा सांगत नाही.

ही उणीव केवळ कायद्याची नाही, आरोग्याचीही आहे. ठरलेल्या दिनक्रमावर ज्याचे स्वास्थ्य अवलंबून आहे, त्याची जागा एकाएकी बदलली की झोप, भूक, शौचाच्या सवयी विस्कटतात. चिडचीड वाढते आणि पुष्कळदा तिलाच आजार समजून औषधे वाढवली जातात.

बाहेर पडण्याचे सर्वांत कठोर कारण म्हणजे वय. बाल न्याय अधिनियम, २०१५च्या लेखी बालपण अठराव्या वर्षी संपते. मग बौद्धिक वय काहीही असो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना पित्याचे नाव दिले. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना संस्थेतच राहता यावे, असा कायदा व्हावा, म्हणून ते वर्षानुवर्षे आग्रह धरत आले. २०२४मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या अपत्यांना आज आईवडील आहेत. पण आपल्या पश्चात त्यांची आणि वझ्झरच्या मुलांची गरज एकच असणार आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ समाजात राहण्याचा हक्क मान्य करतो आणि विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती नाकारतो. संस्थेची नोंदणी रद्द झाल्यास रहिवाशांना पालकांकडे किंवा अन्य संस्थेत पोहोचवण्याचा आदेश शासन देऊ शकते. परंतु सुरू असलेल्या संस्थेने एकट्या रहिवाशाला निघायला सांगितले, तर भाडेकरूसारखी ढाल त्याच्यापाशी नाही. म्हणून ती आधीच घडवावी लागते.

प्रवेशाच्या करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात : किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना, लेखी कारण, पर्यायी व्यवस्था होईपर्यंत मुक्काम आणि अनामत रकमेची परतफेड. संस्थेचे नोंदणीपत्र पाहावे. घर भाड्याचे असेल, तर अपत्याला कायमचे हलवण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा; कारण ‘सोबत राहणारी व्यक्ती’ हा आधार त्या स्थलांतराने डळमळू शकतो. अपत्य घरीच राहत असेल, तर शिधापत्रिका, आधार, मतदारयादी यांतील त्याचा पत्ता अद्ययावत ठेवावा. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी स्थानिक स्तरीय समिती कायदेशीर पालक नेमते. आपल्यामागे ती जबाबदारी कोण घेणार, हे आपण असतानाच ठरवून ठेवावे.

संस्थेने निघायला सांगितलेच, तर तोंडी निरोपावर सामान बांधू नये. लेखी कारण मागावे आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागावी. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी सेवा मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

प्रवेशाच्या दिवशी आईवडील समोर बसलेले असतात, प्रश्न विचारू शकतात, अटी घालू शकतात. अपत्याच्या वतीने बोलणारे पुढे कोणी असेलच, याची शाश्वती नसते. म्हणून सही करण्यापूर्वी करारातील बाहेर पडण्याचे कलम सर्वांत आधी वाचावे.