आज नको, असे म्हणायचे कोणी?

नगर जिल्ह्यातला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडी अजून नगरच येते) शेतकरी उन्हाला भीत नाही, तेवढा ढगाळ हवेला भितो. चार दिवस सूर्याने तोंड दाखवले नाही की कांद्यावर करपा येतो, डाळिंबावर तेल्या दिसू लागतो, तुरीत अळी शिरते. मग साऱ्या गावाला एकाच दिवशी फवारणी हवी असते, तीही पुढची सर यायच्या आत. कारण सर आली की औषधही गेले आणि पैसेही.

अशा घाईला विमानासारखे साधन नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावाजवळ ३ ऑगस्ट १९२१ रोजी जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने झाडांच्या एका राईवर विमानातून विषारी भुकटी सोडली, तिथून ही विद्या सुरू झाली. आज जगभर प्रवासी नेणारी डेल्टा ही विमान कंपनी मुळात कापसावर भुकटी मारायच्या धंद्यातूनच निघाली. आपल्याकडे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने खास शेतीसाठी ‘बसंत’ नावाचे विमान केले. ते १९७२ साली प्रथम उडाले. चाळिसाच्या आतच विमाने तयार झाली आणि प्रकरण थांबले.

खालून पाहणाऱ्याला हा गमतीचा खेळ वाटतो. प्रत्यक्षात वैमानिक भरलेली टाकी घेऊन पिकाच्या माथ्यापासून जेमतेम तीन-चार मीटरवरून जात असतो. बांध आला की वर चढायचे, झटकन वळायचे, पुन्हा खाली यायचे, सकाळभर हेच. वळताना वेग कमी पडला तर पंखांची उचल संपते आणि सावरायला खाली जागाच नसते. त्यात ढग उतरलेले असले तर करड्या आभाळावर विजेची करडी तार दिसत नाही. म्हणजे शेतकऱ्याला ज्या दिवशी विमान सर्वांत जास्त हवे, नेमक्या त्याच दिवशी ते उडू नये!

यातला धोका जाणत्यांनी कधी लपवला नाही. फ्रेड वीक या अभियंत्याने १९५० साली टेक्सासमध्ये शेतीसाठी जे विमान तयार केले, ते कधीतरी आदळणारच असे धरूनच. टाकी पुढे, वैमानिक तिच्या मागे उंचावर, म्हणजे आधी पुढचा भाग चुरडावा आणि माणूस वाचावा. पुढे फवारणीची विमाने याच बेताने होऊ लागली. पण ‘आज नको’ हे ठरवायची सोय विमानात बसवता येत नाही. अनेक ठिकाणी वैमानिकाची कमाई फवारलेल्या एकरांवर असते. थांबला तर बुडाले त्याचे, उडाला तर फायदा साऱ्यांचा.

हे फवारणीपुरतेच नाही. २८ जून २०१८ रोजी मुंबईत भर पावसाळ्यात चाचणीसाठी उडालेले एक छोटे विमान घाटकोपरला कोसळले. विमानातले चौघे गेले आणि रस्त्यावरचा एक पादचारीही गेला. अशा हवेत चाचणीची एवढी निकड काय होती, हा प्रश्न तेव्हा बराच विचारला गेला.

आणि जमिनीवर? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती. पाठीवर पंप घेऊन त्या पिकात शिरलेल्यांपैकी वीसहून अधिक शेतकरी-मजूर विषबाधेने दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. रोजावर गेलेल्या मजुराने वाऱ्याची दिशा पाहून ‘आज फवारत नाही’ म्हणावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी एक दिवस त्याच्या घरची चूल पाहावी.

आता ड्रोन आले आहे. माणूस बांधावर उभा राहतो आणि यंत्र पिकावर जाते, ही मोठीच सुटका. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ते चालवायचे प्रशिक्षणही मिळते. केंद्राने २०२३ च्या नोव्हेंबरात १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली: किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत अनुदान, उरलेल्यासाठी व्याजात सवलतीचे कर्ज.

कर्ज म्हटले की माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. ट्रॅक्टरच्या कर्जप्रकरणात वर्षाकाठी किती तास भाड्याचे काम मिळेल, हे आम्ही बारकाईने लिहून घेत असू. पावसावाऱ्याने किती दिवस बुडतील, हा रकाना माझ्या टेबलावरच्या कुठल्याही फॉर्मात नव्हता. ट्रॅक्टर चिखलात गेला तर फार तर रुतेल. ड्रोन वाऱ्यात उडवले तर औषध शेजारच्या भाजीवर, विहिरीवर, मधमाश्यांवर जाईल. आणि हप्त्याची तारीख जवळ आलेली असताना ‘वारा आहे, उद्या या’ हे त्या गटातल्या बाईने भावकीतल्या शेतकऱ्याला तोंडावर सांगायचे!

तेव्हा बुडालेल्या दिवसाचे पैसे कोणी सोसायचे, हे आधीच ठरलेले बरे. हवेमुळे फवारणी रद्द झाली तरी येण्याजाण्याचा खर्च शेतकऱ्याने द्यावा, हे बोलणी करतानाच कागदावर यावे. बँकेने श्रावण-भाद्रपदातले हप्ते दिवाळीनंतर घ्यावेत; पीककर्जाची वसुली हंगाम पाहून करायची सवय बँकांना आहेच. आणि वारा किती असला की यंत्र उचलायचे नाही, हा आकडा गावाच्या चावडीवर लिहिलेला असावा, म्हणजे नकार त्या बाईचा न राहता गावाचा होईल.