विश्लेषण : मोबाइल गेमच्या लाटेवर विद्यापीठाने स्वार व्हावे का?

सातपूरच्या कारखान्यांत दहावी, बारावी किंवा आयटीआय करून लागलेल्या अनेक तरुणांचे शिक्षण नोकरीमुळे थांबते. पाळी सुटल्यावर त्यांच्या हातात मोबाइल असतो आणि त्यात गेम. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी विद्यापीठांना गेमचा आधार घेता येईल का?

'पोकेमॉन गो'ने काय दाखवले?
जुलै २०१६ मध्ये आलेला हा गेम जीपीएसवर चालतो. पोकेमॉन पकडायला घराबाहेर पडावे लागते. परदेशातील अनेक विद्यापीठांचे आवार आपोआप 'पोकेस्टॉप' ठरले आणि त्यांनी समाजमाध्यमांवरून नव्या विद्यार्थ्यांना त्या निमित्ताने आवार दाखवले. अमेरिकेतील आयडाहो विद्यापीठाने तर एका अभ्यासक्रमातच हा गेम घेतला. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये, रिलायन्स जिओच्या साथीने आला. तोवर जगभरातला पहिला भर ओसरला होता.

नाशिकमध्ये हे चालेल?
सातपूरपासून जवळच, गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. त्याचा विद्यार्थी राज्यभर विखुरलेला आहे, त्याला आवारात फिरवून उपयोग नाही. मात्र गेमची पद्धत घेता येते. पात्रता, शुल्क, अभ्यासकेंद्र, परीक्षा अशा चार 'लेव्हल' करून प्रत्येकीवर अर्ध्या मिनिटाची मराठी चित्रफीत केली, तर जेवणाच्या सुट्टीतही ती पाहून होईल.

धोके कोणते?
पहिला धोका गेमच गायब होण्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी होता. त्याच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये हटवला गेला आणि २०२३ मध्ये परतला. एका गेमवर बेतलेली मोहीम अशी रातोरात कोलमडू शकते.

दुसरा धोका कायद्याचा. संसदेने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे, पण पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरातही गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे प्रायोजक कोण, हे आधी तपासावे लागेल.

तिसरा धोका माहितीचा. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती 'बालक' ठरते. बारावीचे बहुतेक विद्यार्थी त्यातच येतात. स्पर्धेच्या नावाखाली त्यांचे मोबाइल क्रमांक गोळा करायचे, तर पालकांची संमती लागेल.

यश कसे मोजायचे?
लाइक आणि शेअर मोजणे सोपे, पण फसवे. चित्रफीत पाहून किती जणांनी अभ्यासकेंद्रात चौकशी केली, किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यातले किती परीक्षेला बसले, हे तीन आकडे पाहावेत. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. रात्रपाळी करणाऱ्याला प्रवेशापर्यंत गेम आणेल, परीक्षेपर्यंत टिकवायला मात्र त्याच्या सुट्टीच्या दिवशी उघडे असणारे केंद्र आणि फोन उचलणारा माणूस लागतो.