बर्गे कोण घालणार?

ओपन सोर्सबद्दल बोलताना आपण नेहमी विचारतो, ‘हे कोणी बनवलं?’ ‘आता हे कोण बघतं?’ असं सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. कसा ते सांगतो.

जे या भानगडीत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा कोड खुला झाला, त्यातून २००४ मध्ये ती सुरू झाली. खरं तर ही एक चौकटच: गाभा लहान, बाकी हवं ते पॅकेज वरून लावायचं. जाहिराती अडवणारं, व्हीपीएन देणारं अशी शेकडो पॅकेजेस वेगळ्या साठ्यात असतात आणि ती तुमच्या-माझ्यासारख्यांनी दिलेली असतात. प्रत्येकाची एक मेकफाइल. मूळ कोड कुठून आणायचा, आवृत्ती कुठली, हॅश काय, आणि एका ओळीत मेंटेनरचं नाव. अशा एका छोट्याशा पॅकेजच्या त्या ओळीत माझं नाव आहे.

आता काम काय? नवी आवृत्ती आली की आकडा आणि हॅश बदला. झालं! पण मग कळतं की आपला जुना पॅच आता बसत नाही. इथे ग्लिबसीऐवजी मसल ही छोटी लायब्ररी असते, त्यामुळे डेस्कटॉपवर गुण्यागोविंदाने बिल्ड होणारा कोड इथे हटून बसतो. एआरएमवर चालतं, मिप्सवर रडतं. शनिवार गेला की हो! आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

आमच्या गगनबावड्याकडच्या माणसाला हे लगेच कळेल. कोल्हापूर जिल्ह्यातला हा सगळ्यात जास्त पावसाचा तालुका. इथल्या कुंभी नदीवर शेनवडे, मांडुकलीला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. यात पाणी अडवतात ते बर्गे, म्हणजे खांबांच्या खाचांत बसवायच्या फळ्या. पावसाळा सरला की ते घालायचे, म्हणजे उन्हाळ्यात पिकाला पाणी राहतं. पाऊस लागायच्या आत काढायचे, नाहीतर पुराला आणि वाहून आलेल्या ओंडक्यांना वाट मिळत नाही. बंधाऱ्याचं उद्घाटन एकदाच होतं, कोनशिलाही लागते. बर्गे मात्र दरवर्षी घालायचे आणि काढायचे. त्याची कोनशिला कुणी पाहिलीये का?

पण एक फरक आहे. बर्ग्यांचं काम खात्याने नेमून दिलेलं असतं. एक माणूस आजारी पडला तर दुसरा जातो. आमच्याकडे काय आहे? मेकफाइलमधली एक ओळ.

त्या एका ओळीवर किती भार पडतो हे २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. ती वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा एकटा माणूस बघत होता, बिनपगारी. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लागला: काम हळू चाललंय, दुसऱ्याला द्या. आपली मानसिक तब्येत बरी नसते आणि हा छंद आहे, असं त्याने सांगितलंही होतं. मदतीला धावून आला ‘जिया टॅन’. दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून त्याने विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला, म्हणून २९ मार्च २०२४ ला हे उघडकीस आलं. अर्धा सेकंद!

यावर ‘कंपन्यांनी पैसे द्यावेत’ हे ठरलेलं उत्तर. द्यावेतच. पण पैसे देऊनही माणूस एकटाच राहिला, तर प्रश्न तिथेच. मला तरी वाटतं, मेंटेनरला खरी गरज आहे ती जोडीदाराची, आणि अपराधी न वाटता बाजूला होण्याच्या हक्काची. डेबियनमध्ये ही सोय आहे. तिथे जवळपास ७० हजार पॅकेजेस आहेत. ज्याला जमत नाही तो आपलं पॅकेज रीतसर ‘अनाथ’ म्हणून जाहीर करतो, त्यांची यादी असते, हवं त्याने दत्तक घ्यावं. यात कमीपणा काहीच नाही. उलट, नाव ठेवून गायब होणारा मेंटेनर जास्त धोक्याचा, कारण बाहेरून सगळं ठीकच दिसतं.

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण हिंजवडी-खराडीत बसून दिवसभर हीच पॅकेजेस फुकट वापरतो. हौस आली की मात्र नवीन प्रोजेक्ट सुरू करतो, कारण त्यावर आपलं नाव पहिलं असतं :) नवीन करूच नका असं नाही. पण पुढच्या वेळी आधी एवढंच बघा, तुम्ही रोज वापरता त्या एखाद्या पॅकेजच्या मेंटेनरच्या ओळीत एकच नाव आहे का? असेल तर त्याला विचारा, ‘मी काही टेस्ट करून देऊ का?’ एकदम कोडला हात घालायला मागू नका. ‘जिया टॅन’नंतर कोणी पटकन देणारही नाही, आणि ते योग्यच आहे. महिन्याला दोन तास, पण दर महिन्याला. विश्वास तेवढ्यानेच बसतो.