ताबा नेमका कुणाचा सुटला?

आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचक कट्टा भरतो. पंधरा-वीस माणसं असतात. निवृत्त गुरुजी, एक-दोन वकील, मेडिकलवाले, बँकेतल्या दोन ताई, कॉलेजची तीन-चार पोरं आणि चहाबरोबर एखादी बातमी मिळेल या आशेनं मी.

परवा कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'वर चर्चा होती. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, धरणानं उठवलेल्या माणसांची आणि मागं राहिलेल्या जनावरांची कादंबरी. आमच्या तालुक्यातही धरणग्रस्तांच्या वसाहती आहेत, त्यामुळं चर्चा पुस्तकात अडकून राहिली नाही. बोलता बोलता गुरुजींचा आवाज कातर झाला. एक ताई म्हणाल्या, "सोय एकाची होते आणि किंमत भलताच मोजतो." वाक्य चांगलं होतं, मी वहीत लिहून घेतलं.

साडेसातला कट्टा संपला.

वाचनालयासमोर दुपदरी डिव्हायडरचा रस्ता आहे. गावात जायचं तर डावीकडं अर्धा किलोमीटर पुढं जाऊन कटवरून वळून यावं लागतं. उजवीकडं चौक मात्र दोनशे मीटरवर. कुणीच डावीकडं गेलं नाही. गुरुजी राँग साईडनं गेले, वकीलसाहेब गेले, ताई गेल्या, त्यांच्या मागोमाग मीही गेलो. सगळ्यांचे हेडलाईट अप्परवर. चौकाच्या अलीकडं समोरून सायकलवर एक पोरगं येत होतं, आपल्या बाजूनं, अगदी बरोबर. आमच्या झोतात त्याला काही दिसेना. कडेच्या मुरमात सायकल घसरली आणि पोरगं पडलं. गुडघा सोलटला, चेन उतरली. आम्ही सगळे थांबलो, त्याला उचललं, कुणी पाणी दिलं. आणि गुरुजी त्यालाच म्हणाले, "बाळा, बघून चालवायची नाही का?"

पोरगं "सॉरी सर" म्हणालं.

हे मला दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून ही पोस्ट. गुरुजींवर राग नाही. त्यांच्या मागं तिसरी गाडी माझीच होती आणि मीही तिथं काही बोललो नाही.

वीस वर्षं झाली या धंद्यात. अपघाताच्या किती बातम्या दिल्या त्याला हिशोब नाही. आमची ठरलेली भाषा आहे. 'चालकाचा ताबा सुटल्याने'. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत'. मथळ्याला 'काळाचा घाला'. जरा विचार करा, ताबा सुटला म्हणजे काय झालं? एका हातात मोबाईल होता का? बारा तास गाडी चालवून डोळा लागला होता का? ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता का? यातलं काही आम्ही विचारत नाही. पंचनाम्यात जे असेल ते उतरवतो, आणि संध्याकाळी पान सोडायचं असतं. कादंबरीतल्या माणसाचं काय चुकलं यावर दीड तास बोलणारे आपण, रस्त्यावर मेलेल्या माणसासाठी काळाला जबाबदार धरून मोकळे होतो. यात आम्हा पत्रकारांचा वाटा मोठा आहे, हे कबूल करतो.

केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. म्हणजे रोज साडेचारशेच्या वर. त्यात हेल्मेट न घातलेले ५०,०२९. इतक्या वेळा काळ घाला घालत नसतो, राव.

आता लगेच कुणीतरी लिहील, "आधी खड्डे बुजवा, मग आम्हाला शिकवा." खड्ड्यांचं खरंच आहे, त्यावर मी पन्नास बातम्या दिल्यात आणि पुढंही देणार. अर्ध्या किलोमीटरवर कट ठेवणाऱ्यानं वाचनालय, शाळा, दवाखाना कुठं आहे हे बघायला हवं होतं, हेही खरं. त्यासाठी निवेदन द्या, माझी सही पहिली. पण खड्ड्यामुळं आपण अप्पर लाईट लावून जात नाही. खड्ड्यामुळं ट्रिपल सीट बसत नाही. खड्डे चुकवायला तरी डिपर दिलेला बरा, समोरच्यालाही रस्ता दिसतो.

दुसरं, पोरांच्या हातात गाड्या. १९ मे २०२४ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा. जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता. सगळा महाराष्ट्र पेटला, मीही याच भिंतीवर जळजळीत पोस्ट लिहिली होती, भरपूर शेअर झाली. त्याच आठवड्यात आमच्या नववीतल्या चिरंजीवांना मोपेडची चावी देऊन दूध आणायला मीच पाठवत होतो. बायको म्हणाली, "तुमची पोस्ट वाचली, आता चावी खुंटीला लावा." २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्यात स्पष्ट आहे : अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पोर्शेवाल्या बापाला हा कायदा लागू आणि मोपेडवाल्याला नाही, असं कुठं लिहिलेलं नाही. शाळा सुटताना फाटकाबाहेर उभं राहून बघा, आठवी-नववीची किती पोरं गाडीवर येतात. त्यांना चाव्या पोलिसांनी दिलेल्या नाहीत.

आणि गाळप हंगाम तोंडावर आलाय. रात्री उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावर येतील. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. पंक्चर झाली की तिथंच उभी, मागं चार दगड लावले की झालं. नंतर माणूस निघून जातो आणि दगड तसेच. दर हंगामात यात आपल्याच भागातलं कुणीतरी जातं आणि मी तीन ओळी लिहितो. लाल पट्टी किती रुपयांची असते? कारखाने मेळावे घेऊन रिफ्लेक्टर वाटतात, फोटो आमच्याकडं येतात, आम्ही छापतो. पट्टी ट्रॉलीला लागली का, हे बघायला यंदा मी स्वतः वजनकाट्यावर जाणार आहे. नसेल तर फोटोही छापीन, ट्रॉली कुणाचीही असो. ज्यांना फोन करायचेत त्यांनी आत्ताच करून घ्या.

बातमीत यापुढं 'काळाचा घाला' लिहिणार नाही. 'ताबा सुटला' लिहिलं तर का सुटला, ते शोधून लिहीन. नाही सापडलं तर 'कारण समजू शकले नाही' असंच लिहीन.

गुरुजींना काल भेटलो. पोस्ट लिहितोय म्हणून सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या पोराचं घर सापडलं का रे? मी गेलो होतो चौकात विचारायला." मलाही माहीत नव्हतं. निळी सायकल, पुढं बास्केट, वय बारा-तेरा. कुणाला माहिती असेल तर इनबॉक्सला कळवा, नाव कॉमेंटमध्ये टाकू नका.

पुढचा कट्टा नेहमीप्रमाणे दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी सहाला. पुस्तक अजून ठरलेलं नाही, सुचवा. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत गाड्या लावायला जागा आहे, आणि तिथून चौकात जायला राँग साईड घ्यावी लागत नाही. हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, ग्रंथपाल बाईंनी दाखवलं.